फुंक कुणाची, आकडा कुणाचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. पण या काखेपासून त्या काखेपर्यंत गेलेली माझ्या छातीवरची शिवण तू चार महिने रोज पाहिली आहेस, तेव्हा पालथं पडून नमस्कार घालणं मला कितपत जमत असेल ते तुला वेगळं सांगायला नको. हा नमस्कार खाटेवर बसून, पाठीशी दोन उश्या घेऊन घातलेला आहे. आठही अंगं त्यात आहेत असं धरून चाल. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींच्या मोतीबिंदूचं उरकलं का, की अजून ते वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचतात आणि छपाईला नावं ठेवतात? मी इकडे मजेत आहे. (मजेत हा शब्द सवयीने आला. खोडला असता, पण या पत्रात खोडाखोड करायची नाही अशी सिस्टरची अट आहे. का, ते पुढे येईलच.)

अक्षर हललेलं दिसेल. ते औषधाने हात कापतो म्हणून. थोडं लाजेनेही कापत असेल, पण औषधाचा वाटा किती आणि लाजेचा किती, हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. निघालं तरी माझ्या हातात देऊ नये, असं या मजल्यावर सगळ्यांचं मत आहे.

पाकिटावरचा पत्ता पाहून तू चरकली असशील. हो, पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच मजला, फक्त खाट या वेळी खिडकीजवळची. घाबरू नकोस. म्हणजे घाबरायला हरकत नाही, पण खुर्चीवर बसून घाबर, तुझे गुडघे आधीच दुखरे. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. मध्ये कुठे फाटे फुटले तर सव्वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आहे, असं समजून सोडून दे.

तू गेलीस त्यानंतर पहिला महिनाभर मी अगदी सरळ वागलो. सकाळी आठ आणि रात्री आठ म्हणजे आठ, गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला. पाणी उकळून गार केलेलं. दाराबाहेर पाऊल टाकायचं तर तोंडाला मास्क. कच्चं काही खायचं नाही, मातीत हात घालायचा नाही (मातीचा विषय मी मुद्दामच इथे थांबवतो). आणि रोज सकाळी, नव्या फुफ्फुसांतून एका दमात किती लिटर हवा निघते ते मोजणारं ते फुंकायचं यंत्र. तू आखून दिलेल्या वहीत तारीख, ताप, वजन, फुंकेचा आकडा आणि शेवटी सोबतीच्या माणसाची सही, असे पाच रकाने भरायचे. तू वर्षभराचे रकाने आखून ठेवलेस, तेव्हा मी हसलो होतो. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तू लाल शाईने लिहून ठेवलंयस : सगळ्यात चांगला आकडा दोन पूर्णांक बेचाळीस. दोन पूर्णांक अठराच्या खाली दोन दिवस गेला, तर सिस्टरना फोन. सुट्टी असली तरी फोन. शेवटच्या वाक्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. माझ्या वर्गातल्या पोरांना कळतील इतक्या स्पष्ट त्या रेघा आहेत.

तर एके सकाळी आकडा आला दोन पूर्णांक पंधरा. मी म्हटलं, बसायची पद्धत चुकली. दुसऱ्या दिवशी दोन पूर्णांक अकरा. मी म्हटलं, बॅटरी. बॅटरी बदलली. मग खुर्ची बदलली. मग खिडकीकडे तोंड करून फुंकलं, मग भिंतीकडे तोंड करून फुंकलं. नाचता येईना अंगण वाकडं, अशी त्या दोन खोल्यांतली एकूण एक दिशा मी वाकडी ठरवली. आकडा आला दोन पूर्णांक नऊ. जिना चढताना धाप लागत होती, तिचं खापर मी जिन्यावर फोडलं. आणि ताई, फोन मी केला नाही. फोन केला की घशातून नळी घालून आतला तुकडा तपासायला काढतात, त्याची मला भीती वाटते. ती चार लोकांत सांगता येण्यासारखी भीती आहे. दुसरं कारण सांगता येण्यासारखं नाही, म्हणून ते पत्राच्या शेवटी ढकलतो.

आता ट्रम्पेटवाले काका. तू त्यांना ओळखतेस ते फक्त डोक्यावरच्या मजल्यावरून येणाऱ्या आवाजाने. चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस. आता निवृत्त आहे, पण छाती निवृत्त व्हायला तयार नाही. ते सकाळी माझी चौकशी करायला आले, दारातच उभे राहिले (मास्क लावून, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं), आणि टेबलावरचं यंत्र पाहून त्यांचे डोळे चमकले. आयुष्यभर फुंकलं पण आपण किती फुंकतो हे कुणी मोजलं नाही, असं म्हणाले. मी यंत्र पुढे केलं. त्यांनी फुंकलं. तीन पूर्णांक अठ्ठेचाळीस! सत्तरीतला माणूस! आम्ही दोघंही तो आकडा बघत बसलो. काका संकोचाने म्हणाले की जरा जोरात गेली, हळू हवी असेल तर हळू देतो, दोनला देतो, अडीचला देतो, सर म्हणतील तिथे थांबवतो.

ताई, माणूस एकदम घसरत नाही. आधी एक पायरी उतरतो आणि तिथे उभा राहून स्वतःला समजावतो. मी विज्ञानाचा शिक्षक. प्रयोगाच्या वहीत मनाचे आकडे लिहिणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. आकडा यंत्रात दिसला तरच लिहायचा, हे माझं ब्रीद. मनाचा आकडा लिहिणं मला या जन्मात शक्य नव्हतं. पण यंत्रात आकडा दिसलाच तर? समोर, ढळढळीत, दोन पूर्णांक एकेचाळीस? तो न लिहिणं हाच खोटेपणा नाही का? असा विचार मी केला, आणि त्या वेळी मला तो फार खोल वाटला.

तेव्हापासून काका रोज सकाळी पावणेआठला खाली येऊ लागले. त्यांना मी सांगितलं होतं की तुलनेसाठी निरोगी माणसाचाही आकडा लागतो. भला माणूस, शास्त्राची सेवा घडते म्हणून दाढी करून येत असे. आल्यावर नम्रपणे विचारी, आज कितीचा देऊ? मी म्हणे, कालच्यापेक्षा एक टीचभर वर. आणि काका डोळे मिटून नेमका तेवढाच देत. दोन पूर्णांक त्रेचाळीस. दोन पूर्णांक चव्वेचाळीस. असा हुकमी श्वास मी जन्मात पाहिला नाही. परीक्षेला डमी बसवणारे मी दोनदा पकडले आहेत ताई, एकाला तर नुसत्या कानाच्या पाळीवरून. पण त्यांचा डमी निदान पेपर लिहीत होता. मी दुसऱ्याची फुफ्फुसं अंगात घेऊन तिसऱ्याकडून फुंकवून घेत होतो. हे सगळं चाललं तीन-चार दिवस. दर सोमवारी सिस्टरचा फोन येई, मी आठवड्याचे आकडे वाचून दाखवी, आणि त्या पलीकडून छान, छान म्हणत. (तीन-चार दिवसांत तीन सोमवार कसे आले, असं विचारू नकोस.)

त्या छान छानने घात केला. तिसऱ्या सोमवारी सिस्टर म्हणाल्या की प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या पेशंटची आणि त्यांच्या घरच्यांची एक बैठक ठेवली आहे, लोक फार घाबरलेले असतात, तुमचे आकडे इतके नीट चढत आहेत तर तुम्ही येऊन दोन शब्द बोला आणि सगळ्यांसमोर एकदा फुंकून दाखवा. त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून हो बाहेर पडलं. तुला सिस्टर आठवतातच. रबरी तळाचे बूट, चालल्या तरी चाहूल नाही, आणि रागावल्या की आवाज चढायच्या ऐवजी उतरतो. अशा बाईला निराश करण्यापेक्षा फसवणं मला सोपं वाटलं. आणि खरं सांगू? वहीत रोज तोच चढता आकडा पाहून मलाही बरं झाल्यासारखं वाटू लागलं होतं. हजेरीपटात हजर लिहिलं की पोरगं वर्गात आहेच, असं मानणारी आमची जमात.

सभागृह म्हणजे तुम्ही नातेवाईक जेवायचात तीच लांब खोली. वीसेक माणसं, त्यातली निम्मी नाकात प्राणवायूची नळी घेतलेली, शेजारी चाकाचा सिलिंडर. एक बाई तर माझ्याकडे असं बघत होत्या की जणू पलीकडच्या काठावरून कुणीतरी पोहून आलेला आहे. सिस्टरनी दारातच तुझी चौकशी केली. मी सांगितलं की तुझे गुडघे दुखतात. (ते खोटं नाही.) काकाही आले होते, सरांचं भाषण ऐकायला, पहिल्या रांगेत. मी अर्धा तास बोललो. शिस्त, नियमितपणा, वहीचं महत्त्व, लपवाछपवी केल्याने रोग कसा बळावतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. म्हणीतले पुढचे कोरडे पाषाण, म्हणजे मी, बोलता बोलता धापा टाकत होते. टाळ्या झाल्या. मग सिस्टरनी यंत्र हातात दिलं, यंत्रातला आकडा सगळ्यांना दिसेल असा पडद्यावर लावला, आणि मी फुंकलं.

एक पूर्णांक बासष्ट.

सिलिंडरमधून येणाऱ्या हवेची बारीक सूं तेवढी ऐकू येत होती. मी पुन्हा फुंकलं. एक पूर्णांक साठ. सिस्टर वहीकडे बघत होत्या, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काका उठले. त्यांना माझी दया आली होती. भर सभेत, निर्मळ मनाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बँडच्या आवाजात ते म्हणाले, "सर, तुम्ही बसा. दमलात तुम्ही. रोजच्यासारखा मीच देतो की. कितीचा देऊ?"

पितळ उघडं पडणं म्हणतात ते माझ्या बाबतीत पितळी वाद्य वाजवणाऱ्याच्याच हातून झालं. दोघं-तिघं हसले, त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ती पलीकडच्या काठाकडे बघणारी बाई हसली नाही. तिने मान खाली घालून आपल्या नळीची गाठ सोडवायला घेतली, आणि नळीला गाठ नव्हती. ताई, मला वर्गात, घरात, चारचौघांत लाज वाटण्याचे प्रसंग आले आहेत, पण ती गाठ सोडवणारी बोटं मला अजून दिसतात. तिला मी जे दाखवायला गेलो होतो त्याच्या नेमकं उलट दाखवून आलो.

सिस्टर ओरडल्या नाहीत. चाकाची खुर्ची घेऊन आल्या, मला बसवलं, आणि स्वतः ढकलत वर आणलं. लिफ्टमध्ये अगदी खालच्या आवाजात विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दोन-तीन दिवस. त्यांनी मजल्याचं बटण दाबलं. काकांचं पुढे काय झालं म्हणशील, तर त्यांना सगळं कळल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसून रडले. मला म्हणाले, सर, माझी हवा तुम्हाला चालली असती तर काढून दिली असती, पण असं फसवायचं नव्हतं मला. तेव्हापासून ते रोज भेटीच्या वेळी काचेबाहेर उभे राहतात. आत यायला परवानगी नाही. मी हात हलवतो, ते हलवत नाहीत, पण येतात.

नळी घातली, तुकडा तपासला. शरीर नवी फुफ्फुसं नाकारू लागलं होतं. तीन दिवस शिरेतून जोराची औषधं दिली, त्यांनी माझा चेहरा भाकरीसारखा फुगला आहे आणि भूक अशी लागते की शेजारच्या खाटेवरच्या ताटाशी मी मनातल्या मनात बोलतो. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या पडत्या आकड्याला फोन आला असता, तर दोन गोळ्या वाढवून भागलं असतं. आता जे गेलं त्यातलं काही परत येईल, काही येणार नाही. किती येईल, ते रोज सकाळी फुंकून कळेल.

सिस्टरनी मला शिक्षा म्हणून नव्हे, औषध म्हणून हे पत्र लिहायला सांगितलं. ज्याला सांगायचं राहिलंय त्याला सांगा, म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही वाचणार का? त्या म्हणाल्या, नाही. खोडायचं नाही, तुम्हीच परत वाचायचं आणि चुकलेलं खाली लिहायचं. सव्वीस वर्षं इतरांचे पेपर तपासले, आपला तपासायची पाळी पहिल्यांदाच आली.

तेव्हा काळजी नसावी. तू इकडे यायची मुळीच गरज नाही. गुडघ्यांना जप, भावोजींना नमस्कार.

तुझा (तूच म्हणायचीस तो)
ठोंब्या

ता. क. परत वाचलं. तीन-चार दिवस नव्हे, दोन-तीन तर नव्हेच. एकोणीस दिवस. वहीत मोजून लिहितो आहे.

ता. क. २. आणखी एक राहिलं. यंत्राचा तोंडात धरायचा नळा पहिले सहा दिवस काकांचा आणि माझा एकच होता. आधी ते फुंकत, मग मी सवयीपुरतं फुंकत असे. हे कळलं तेव्हा मात्र सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लबाडी मी एक वेळ समजू शकते, पण नळा एकच?

ता. क. ३. आता ते शेवटी ढकललेलं. पाचव्या रकान्यातली सही. तू गेलीस हे मी इथे कुणालाच कळवलं नाही. सोबतीला माणूस नाही हे कळलं असतं, तर त्यांनी मला एकट्याला राहू दिलं नसतं. म्हणून तुझी सही मी करत होतो. एकोणीस दिवस नव्हे, तू गेल्या दिवसापासून. तुझ्या सहीतला तो शेवटचा फराटा मला चांगला जमतो. सिस्टर अजून समजतात की तू घरीच आहेस आणि गुडघ्यांमुळे इकडे येत नाहीस. गुरुवारी त्या तुला फोन करणार आहेत. तर एवढंच सांगशील का, की तू तिथेच होतीस आणि तुझा डोळा चुकवून मी हे केलं? हे एवढं एकच. पत्र लिहायला बसलो तेव्हा हेच मागायचं मनात होतं.

ता. क. ४. दुसरा दिवस, सकाळ. वरचं वाचलं आणि कान गरम झाले. खोडता येत नाही, म्हणून राहू दे, पण तसं काही सांगू नकोस. मीच सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी दर सोमवारी आकडा विचारला, घरात कोण आहे हे एकदाही विचारलं नाही, ते माझं चुकलं. ताई, त्या बाईचं काही चुकलेलं नाही, आणि तिला तसं वाटायला मी लावलं. सोबतीला माणूस असल्याशिवाय घरी सोडणार नाहीत. काकांनी तयारी दाखवली होती, पण सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या हाती ट्रम्पेट ठीक आहे, वही नको.

तू बाल्कनीतल्या माझ्या बारा कुंड्या देऊन टाकल्यास, मातीतली बुरशी मला मारील म्हणून, आणि मी तुला म्हणालो की तू सेवा करायला नाही, हुकूम चालवायला आलीस. म्हणालो, फुफ्फुसं माझी आहेत, माझं मी बघेन. तू बॅग भरताना एवढंच म्हणालीस, तुझी कुठली रे? तेव्हा मला ते टोचून बोलणं वाटलं होतं. ज्याची आहेत त्याचं नाव मला कधी कळणार नाही. उंची माझ्याएवढी असणार, एवढंच सिस्टर म्हणाल्या होत्या. माझी नाहीतच. माझ्याकडे सांभाळायला दिली होती. यायची गरज नाही असं वर लिहिलंय, तेही चुकलंय. ये. जमेल तेव्हा नको, लवकर ये. मला एकट्याला हे जमत नाही.

ता. क. ५. आजचा आकडा एक पूर्णांक एक्याऐंशी. सिस्टर समोर उभ्या होत्या, नळा नवा होता, फुंक मीच मारली. वहीत चार रकाने भरले आहेत. पाचवा मोकळा ठेवलाय.